अंगणात भोकं पाडणारा गोल भुंगेरा हुमणीचा नाही. तो ओळखायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटण तालुक्यात शेताला लागून घर, समोर लाल मातीचं अंगण, पलीकडे ऊस आणि भुईमूग. मृगाचा पहिला पाऊस झाल्यापासून रात्री ओट्यावरच्या दिव्याखाली गोलसर, चिंचोक्याच्या रंगाचे आणि साधारण तेवढ्याच आकाराचे भुंगेरे येऊन पडतात. सकाळी अंगणात ताज्या मातीचे छोटे ढीग दिसतात आणि जवळ करंगळी जाईल एवढी भोकं. शेजारी म्हणतात, ही हुमणी आहे, जिची अळी पिकांची मुळं खाते ती; उसात शिरायच्या आत भोकांत औषध ओता. तुम्ही चार फोटो पाठवलेत आणि विचारलंत की कोणतं औषध, किती पाण्यात.

आधी उत्तर देतो, कारण औषध बहुधा घरात आणून ठेवलेलं असेल. ओतू नका. हा हुमणीचा भुंगेरा नाही, जमिनीत खोल भोक पाडणाऱ्या बोल्बोसेरस गटातला आहे. उसाच्या मुळाशी याचं काही काम नाही, भुईमुगाशीही नाही.

आता हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. एकदा नीट पाहिलंत की पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

तुमच्या शेजाऱ्यांची चूक समजण्यासारखी आहे. हुमणीचा भुंगेरा, शेणकिडा, नारळावरचा गेंड्या भुंगा आणि तुमच्या अंगणातला हा पाहुणा, हे सगळे एकाच मोठ्या कुळसमूहातले. सगळ्यांच्या मिशांच्या टोकाला पुस्तकाच्या पानांसारख्या चकत्या असतात, सगळ्यांचे पुढचे पाय माती उकरायला रुंद आणि दातेरी झालेले असतात, आणि आपल्याकडे सगळे एकाच वेळी, पहिल्या पावसानंतर, जमिनीतून वर येतात. दिव्याखाली एका रात्रीत पाच-सहा जातींचा खच पडतो. रंग बहुतेकांचा तपकिरी. त्यामुळे रंगावरून ठरवायला गेलात तर दरवर्षी फसाल. रंग सोडून द्या आणि चार जागा बघा.

पहिली जागा तोंड. तुमचा तिसरा फोटो वरून काढलेला आहे, त्यात डोक्याच्या पुढच्या कडेच्याही पुढे दोन बाकदार जबडे स्पष्ट दिसतात, अडकित्त्याच्या पात्यांसारखे. हुमणीच्या भुंगेऱ्याला जबडे असतात, पाला खायचा तर लागतातच, पण ते डोक्याच्या पुढच्या पत्र्याखाली झाकलेले असतात, वरून दिसत नाहीत. शेणकिड्याचे जबडे तर मऊ, पातळ पडद्यासारखे असतात, कारण त्याला शेणातला ओला रस तेवढा घ्यायचा असतो. तेव्हा वरून पाहताना जबडे पुढे आलेले दिसले की हुमणी आणि शेणकिडा हे दोन्ही तिथंच बाद. मी तर भुंगेरा हातात आला की आधी तोंडच बघतो.

दुसरी जागा बूड. हुमणीच्या भुंगेऱ्याचे पाठीवरचे टणक पंख शेवटपर्यंत पोचत नाहीत. पोटाचा शेवटचा त्रिकोणी तुकडा मागून उघडा राहतो. आखूड सदऱ्याखालून पोट दिसावं तसं. शेणकिड्याचंही तसंच. तुमच्या फोटोतल्या भुंगेऱ्याचं पंखांचं कवच मागे खाली वळून पोट पूर्ण झाकतं. म्हणून तो वरून पाहिला तर अर्धगोल वाटीसारखा वाटतो आणि उलटा पडला की टेबलावर डुलत राहतो.

तिसरी जागा मिशी. इथे दहापट मोठं दाखवणारं भिंग लागेल. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं, बाजारातही स्वस्तात मिळतं. तुमच्या भुंगेऱ्याच्या कुळात मिशीला ११ पेरं असतात, हुमणीच्या भुंगेऱ्यात १०, शेणकिड्यात ८ किंवा ९. पेरं मोजणं सुरुवातीला कटकटीचं वाटतं, म्हणून टोक बघा. हुमणीच्या मिशीचं टोक लांबट पानांचा पंखा असतो, उघडतो आणि मिटतो. तुमच्या भुंगेऱ्याच्या मिशीचं टोक म्हणजे मोठा, फुगीर, मसुराच्या डाळीसारखा गोल गोळा. या गटाचं शास्त्रीय नावच त्यावरून पडलं आहे: बोल्बोसेरस, ग्रीक भाषेत बोल्बोस म्हणजे कांदा आणि केरास म्हणजे शिंग.

चौथी जागा पोटाची बाजू. उलटा करा. छातीखाली आणि पायांच्या मुळाशी लांब, दाट, पिवळसर केस दिसतील. मग पुढचा पाय बघा: नळीच्या बाहेरच्या कडेला दात्यांची रांग, करवतीसारखी. हुमणीच्या भुंगेऱ्याच्या पुढच्या पायाला दोन-तीनच दाते असतात. ज्याला रोज रात्री खणायचं आहे आणि ज्याला दिवसा फक्त मातीत लपायचं आहे, त्यांच्या हत्यारांतला हा फरक आहे.

आणखी एक खूण आहे, तिला भिंग लागत नाही. भुंगेरा दोन बोटांत हलकेच धरा आणि कानाजवळ न्या. तो चिरचिर आवाज करतो. अंगातले खरबरीत भाग एकमेकांवर घासून हा आवाज निघतो. बोटांना थरथर जाणवते, नवखा माणूस दचकून सोडून देतो. तो चावत नाही. जबडे दिसायला भीतीदायक असले तरी माणसाच्या कातडीवर त्यांचा उपयोग तो करत नाही, मात्र पायाच्या दात्यांनी बोटांमधून वाट काढायचा प्रयत्न जोरात करतो, आणि त्याच्या आकाराच्या मानाने ती ताकद पाहण्यासारखी असते. मूठ बंद केलीत तरी बोटं बाजूला सारून बाहेर येतो.

तुमच्या दुसऱ्या फोटोत डोक्यावर छोटं शिंग आणि छातीच्या ढालीवर पुढच्या बाजूला खोलगट उतार नि दोन टोकं आहेत. तो नर. पहिल्या फोटोतल्याला नुसता उंचवटा आहे, ती मादी असण्याची शक्यता जास्त. नुसतं शिंग पाहून गेंड्या भुंगा म्हणू नका. गेंड्या भुंगा याच्या तिप्पट-चौपट मोठा, काळपट, लांबट. नारळाच्या कोंभात शिरून पाला कातरतो, आणि त्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात वाढते. चिंचोक्याएवढा गेंड्या भुंगा नसतो.

तर हे कुळ कोणतं? जुन्या वर्गीकरणात याला जिओट्रुपिडी म्हणतात. ग्रीकमधून आलेल्या या नावाचा अर्थच जमिनीला भोक पाडणारे. त्यातला हा गोल, कांदेमिशीचा गट काही अभ्यासक वेगळं कुळ मानतात, बोल्बोसेराटिडी. काही अजून उपकुळच मानतात. दोन्ही नावं वाचनात येतील, गोंधळून जाऊ नका, किडा तोच. कुळातले दुसरे, निळसर-काळे चमकदार, शेणावर जगणारे खरे जिओट्रुपिस युरोपात आणि थंड मुलखात भरपूर आहेत. भारतात ते बघायचे तर हिमालयात जावं लागतं. आपल्या सह्याद्रीच्या बाजूला दिव्यावर येतात ते हे गोल. नेमकी जात फोटोवरून मी सांगणार नाही. त्यासाठी डोक्यावरचे कंगोरे, डोळ्याला आडवी जाणारी पट्टी आणि नराची जननेंद्रियं भिंगाखाली बघावी लागतात.

आता भोकांकडे येऊ, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक शेतकरी काचेच्या बाटलीत असेच आठ-दहा भुंगेरे घेऊन आले होते. मी बाटली उघडलीसुद्धा नाही. तपकिरी रंग, जूनचा महिना, अंगणात भोकं, म्हटलं हुमणीच असणार, आणि औषधाचं प्रमाण लिहून दिलं. आठ दिवसांनी त्यांच्या गावी गेलो तर अंगणभर गांडुळं मरून वाळलेली होती. उसात त्या वर्षीही हुमणी लागली, कारण ती अंगणातल्या भोकांतून येणारच नव्हती. त्या माणसाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. पण तेव्हापासून बाटली उघडून, भुंगेरा बाहेर काढून, उलटा करून पाहिल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, आणि तुम्हालाही एवढं लांबण लावून सांगतोय ते त्याच अंगणामुळे.

त्यानंतर मी भोकं खणायला लागलो. पद्धत साधी आहे, तुम्हीही करून बघा. सकाळी लवकर, माती ओली असताना, ताजा ढीग निवडा. ढीग हाताने हळूच झाडून बाजूला करा. बरेचदा भोक ढिगाच्या बरोबर खाली असतं आणि मातीच्या गुठळीने बुजवलेलं असतं. ती गुठळी काढली की गोल, गुळगुळीत विहीर दिसते. तिच्यात कोरडी पांढरी रांगोळी चिमटीचिमटीने सोडा. रांगोळी भिंतींना चिकटते. मग भोकावर नाही, भोकापासून वीतभर बाजूला चर खणा आणि बाजूने माती कापत या. लाल मातीत पांढरी रेघ उठून दिसते, वाट हरवत नाही. नुसतं वरून कुदळ मारलीत तर दुसऱ्या घावाला भोक नाहीसं होतं, हे मी चार-पाच सकाळी वाया घालवून शिकलो.

पहिलं पूर्ण भोक मला मुळशीकडच्या एका मैदानात मिळालं. विहीर जवळजवळ सरळ खाली गेली होती. एक फूट झालं, दीड झालं, रांगोळी संपली, पुन्हा सोडली. अडीच फुटांवर भोक थोडं तिरकं झालं आणि तिथे, ओल्या गार मातीत, एक मादी डोकं खाली करून स्वस्थ बसली होती. शेजारी शेण नाही, पाला नाही, मूळ कुरतडलेलं नाही. जागा रिकामी वाटली. खूप नंतर कळलं की ज्या गोष्टीसाठी ती तिथवर गेली होती ती डोळ्यांना सहज दिसतच नाही.

या गटाचा जिथे जिथे नीट अभ्यास झाला आहे, युरोपात, अमेरिकेत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, तिथे त्यांच्या पोटात जमिनीखाली वाढणाऱ्या बुरशा सापडल्या आहेत. झाडांच्या मुळांशी संसार करणाऱ्या बुरशा असतात, त्या वर छत्री काढत नाहीत, जमिनीतच छोट्या गाठी धरतात. त्या गाठी वासाने शोधून भुंगेरा सरळ खाली उतरतो. खाणं संपलं की रात्री बाहेर येऊन उडतो आणि दुसरीकडे नवी विहीर पाडतो. म्हणून अंगणात वीस भोकं दिसली तरी भुंगेरे वीस असतीलच असं नाही, आणि एका भोकात बहुधा एकच सापडतो.

अंड्याची गोष्ट तर मला अजूनही थक्क करते. ऑस्ट्रेलियातल्या यांच्या काही जातींत मादी जे अंडं घालते ते तिच्या शरीराच्या मानाने अवाढव्य असतं, इतकं की एकावेळी एकच तयार होऊ शकतं. त्यातून निघणारी अळी जवळजवळ काही खातच नाही. आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर मोठी होते. हुमणीची मादी पन्नास-साठ अंडी मातीत घालून निघून जाते आणि प्रत्येक अळी महिनोन्महिने मुळं खाते. एकाच कुळसमूहातल्या या दोन आया; तुमच्या उसाला धोका कुठल्या आईच्या लेकरांपासून आहे ते यावरून दिसेल.

सगळं कुळ निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पूर्व युरोपात, युक्रेनच्या बाजूला, लेथ्रस अॅप्टेरस नावाचा याच कुळातला भुंगेरा आहे. त्याला उडता येत नाही. नर-मादी मिळून बीळ खणतात, आणि द्राक्षवेलींचे कोवळे कोंब, पानं कातरून, उलट चालत बिळात ओढून नेतात. तिथे ती पानं कोठड्यांत घट्ट दाबून भरतात, आपण गुरांसाठी मुरघास करतो अगदी तसा, आणि अळ्या त्यावर वाढतात. द्राक्षबागायतदार त्याला वैतागलेले असतात. पण आपल्याकडच्या गोल भुंगेऱ्यांचा हा धंदा नाही. तुमच्या अंगणातल्या भोकाशी कातरलेल्या पानांचे तुकडे दिसत असतील तर मात्र मला कळवा. तसं असेल तर तो बहुधा भुंगेराच नाही, बीळ करून राहणारा मोठा रातकिडा आहे. तो रोपं कातरतो आणि त्याचाही ढीग असाच दिसतो.

पश्चिम युरोपातला टायफिअस आणखी वेगळा. नराच्या छातीवर पुढे रोखलेली तीन शिंगं. वाळूच्या जमिनीत जोडीने मीटरभर किंवा त्याहून खोल बीळ खणतात. नर सशाच्या लेंड्या वेचून आणतो, मादी खाली त्या बारीक करून पिल्लांसाठी ठासते. फ्रान्समधले कीटक-अभ्यासक जाँ-आँरी फाब्र यांनी या जोडप्यांना काचेच्या उभ्या नळ्यांत ठेवून त्यांचं काम दिवसेंदिवस पाहिलं होतं. आणि मध्य युरोपातला बोल्बेलास्मस युनिकॉर्निस, तुमच्या भुंगेऱ्याचा जवळचा नातेवाईक, तोच गोल बांधा, तेच डोक्यावरचं शिंग. तो इतका विरळ झाला आहे की युरोपीय संघाच्या कायद्याने त्याला कडक संरक्षण दिलं आहे. तिथले लोक एकेक भोक शोधायला संध्याकाळी रानात फिरतात. आपल्याकडे त्याचा हा नातेवाईक दिव्याखाली पायदळी जातो.

तुमच्या चौथ्या फोटोत पोटाखाली बारीक, लालसर, हलणारे ठिपके आहेत आणि तुम्ही लिहिलंय की याला कीड लागलीय का. ते गोचिडांच्या जातकुळीतले सूक्ष्म जीव आहेत, पण बहुतेक वेळा ते भुंगेऱ्याचं रक्त पीत नाहीत, नुसते त्याच्यावर बसून एका जागेहून दुसऱ्या जागी जातात. शेणकिड्यांवर तर असे डझनावारी असतात आणि शेणावर उतरले की माश्यांची अंडी खातात. भुंगेरा आजारी नाही.

भोकांवरूनच ओळखायचं असेल तर थोडा सराव करावा लागतो. हुमणीचा भुंगेरा जमिनीतून बाहेर पडतो तेव्हा स्वच्छ गोल भोक राहतं, शेजारी मातीचा ढीग नसतो, कारण तो आतून वर येतो, आत जाताना माती बाहेर टाकत नाही. शेणकिड्याचं भोक शेणाच्या पोखाली किंवा अगदी कडेला. गांडुळाची विष्ठा शेवेसारखी, गुंडाळी होऊन पडलेली. आणि या गोल भुंगेऱ्याचा ढीग म्हणजे खालून ढकलून वर काढलेल्या मातीच्या आखूड, दंडगोल गुठळ्या. खालच्या थरातली असल्यामुळे रंग बरेचदा वरच्या मातीपेक्षा वेगळा. तुमच्या अंगणात वर लाल आणि खाली मुरूम असेल तर ढीग पिवळट दिसेल.

दिव्याखाली आणखी एक छोटा, काळा-तपकिरी, चकचकीत भुंगेरा शेकड्याने पडतो, तुमच्या पहिल्या फोटोच्या कोपऱ्यात एक आहे. हिबोसोरस. त्याचेही जबडे वरून दिसतात, म्हणून नवीन माणूस इथे अडकतो. पण तो लांबट आणि बराच लहान असतो, आणि मिशीचा गोळाही छोटा असतो. तोही हुमणी नाही.

आता हुमणीचं. तुमचा ऊस आहे, भुईमूग आहे, तेव्हा काळजी करायचं कारण आहेच, फक्त अंगणाऐवजी झाडांकडे बघा. वळवाचा किंवा मृगाचा पाऊस झाला की दिवस मावळल्यावर, साधारण सव्वासात ते पावणेआठच्या सुमारास, हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जाऊन बसतात. पाला खातात, तिथेच मीलन होतं, आणि पहाटेच्या आत मातीत परततात. सकाळी बाभळीची किंवा निंबाची पानं कडेने कुरतडलेली दिसली तर ती खात्रीची खूण. रात्री आठ-नऊच्या सुमारास झाडाखाली चादर किंवा ताडपत्री अंथरून फांद्या जोराने हलवा, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. हे एकट्याने केलंत तर उपयोग थोडा. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं तर पुढच्या अळ्याच कमी होतात, कारण बऱ्याच माद्या अंडी घालायच्या आत सापडलेल्या असतात. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत अळी मोठी झाली की ती खोल असते, खादाड असते आणि औषधाला दाद देत नाही.

अळी सापडली तरी तीही ओळखून मगच निर्णय घ्या. सगळ्या अळ्या पांढऱ्या आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकड्याच असतात. उसाच्या मुळाशी सापडली आणि शेवटच्या टोकाची, म्हणजे गुदद्वाराची, चीर तीन फाट्यांची किंवा दोन फाट्यांची असेल तर हुमणी. शेणखताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढी जाड अळी मिळाली आणि चीर आडवी, एकाच रेघेसारखी असेल तर ती बहुधा गेंड्या भुंग्याची. आणि खतात मिळालेली अळी सपाट फरशीवर ठेवल्यावर पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती फुलांवरच्या चमकदार भुंगेऱ्याची, कुजका पाला खाऊन तुमचं खत बारीक करणारी. पहिल्यांदा हे बघताना मुलं टाळ्या वाजवतात. पाठीवर चालणाऱ्या अळ्या खतासकट शेतात गेल्या म्हणून पिकाचं नुकसान होत नाही. त्यांना हुमणी समजून खत फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

मेटारायझियम ही बुरशी हुमणीवर चालते. ओल असताना, शेणखतात मिसळून, मुळाजवळ दिली तर. प्रमाण पाकिटावर असतं आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून विचारून घ्या. फोरेट या कीटकनाशकाचं नाव कुणी काढलं तर त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनं पाकीट कुणाच्या गोठ्यात पडून असेल तर तेही वापरू नका. अंगणाच्या भोकात ओतलेलं कुठलंही औषध दोन-अडीच फूट खाली थेट जातं, आणि पाटणच्या पावसात तिथून पुढे विहिरीपर्यंत जायला त्याला फार दिवस लागत नाहीत. अंगणात कोंबड्या फिरतात असंही तुम्ही लिहिलंय. त्या हे भुंगेरे टिपून खातात.

दिव्याला इतके येऊ नयेत असं वाटत असेल तर ओट्यावरचा पांढरा दिवा बदलून पिवळसर लावा, आणि नऊनंतर बंद ठेवा. यापेक्षा जास्त काही करायची गरज नाही. वरच्या मातीत भोकं पडल्याने अंगण खचत नाही; पहिल्या दोन-तीन सरींत ढीग विरघळतात, आणि विहिरींतून पाणी नि हवा खाली उतरते.

तुम्हाला जात नक्की करून हवी असेल तर दिव्याखाली मेलेला एखादा नर आणि एखादी मादी कोरड्या काडेपेटीत कापूस घालून ठेवा. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दोन दिवसांत कुजतात. पेटीत चिठ्ठी टाका: गाव, तारीख, वेळ, दिवा की भोक, भोकाची खोली मोजली असेल तर ती. चिठ्ठी नसलेला भुंगेरा कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला निरुपयोगी. पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते. फोटो परत काढाल तेव्हा पाच बाजूंनी काढा: वरून, समोरून तोंड, कडेने, उलटा, आणि मिशीचा जवळून; शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. जंगल खात्याच्या हद्दीतून मात्र परवानगीशिवाय काही उचलू नका, मेलेलंसुद्धा.

आणि तुळशीवृंदावनाजवळचं जे भोक तुम्ही फोटोत दाखवलंय, त्याचा ढीग अजून ओला आणि खालच्या मातीच्या रंगाचा आहे. म्हणजे खणणारा आत आहे. आज संध्याकाळी ढीग झाडून त्या जागी रांगोळीचा पातळ थर द्या. सकाळी थर आतून फुटलेला दिसला तर तो रात्री उडून गेला. न फुटता वर नवी गुठळी आली असेल, तर तो अजून खाली उतरतोय. जे दिसेल ते मला लिहा, खोली मोजलीत तर इंचांत.